आजोळ मॉरिशसचं, आणि आई यायला तयार नाही

शेवंती८७ | १५ जून २०२५

नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझी आई मॉरिशसची, वाक्वा गावातल्या मराठी घरातली. तिच्या पणजोबांच्याही आधीची पिढी मुंबई बंदरातून ऊसमळ्यावर करारानं गेलेली. आई १९८१ साली शिष्यवृत्तीवर पुण्याला मराठी शिकायला आली, बाबांशी लग्न झालं आणि इथलीच झाली. आम्ही आजोळी तीनदा गेलो: १९९४, १९९९ आणि २००६. त्यानंतर एकदाही नाही. आधी माझं शिक्षण, मग लग्न, मग बाबांचं आजारपण.

आजी मे २०२० मध्ये गेली. मॉरिशसच्या सीमा मार्चपासून बंद, आपल्याकडची विमानंही बंद. आईनं आजीला फोनवर शेवटचं पाहिलं. मामानं फोन खिडकीत टेकवून ठेवला होता, त्यामुळे अर्धा वेळ नुसतं अंगणातलं लिचीचं झाड दिसत होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या सीमा पूर्ण उघडल्या, पण तोवर आईचं "आता कुणासाठी जायचं" सुरू झालं होतं.

यंदा मामानं (वय ७०) आईला न विचारता थेट मलाच फोन केला. गणपतीला ये म्हणाला, पुढच्या वर्षी घरात मूर्ती बसवणं माझ्यानं होईल असं वाटत नाही. मी, नवरा आणि दोन मुलं (११ आणि ७) जायचं ठरवतोय. आई ठाम नाही म्हणतेय.

आता प्रश्न. आईशिवाय आईच्या माहेरी जायचं म्हणजे नक्की कोण म्हणून जायचं? मला क्रेओल (तिथली फ्रेंचवरून झालेली बोली) चार शब्दांपलीकडे येत नाही, मामाला मराठी समजतं पण बोलता येत नाही. दहा दिवस त्याच्याकडेच राहावं की थोडे दिवस हॉटेलात? नेऊ काय? आणि सर्वांत अवघड: सासरी दीड दिवसाचा गणपती असतो, तो सोडून जायचं हे सासूबाईंना कसं सांगू?

आडगावचा_शहाणा | १५ जून

मॉरिशसला जायला एवढा विचार? मिनी इंडियाच आहे ती. सगळ्यांना हिंदी येतं. समुद्रावर चांगलं रिसॉर्ट घ्या, मामाला एक दिवस जेवायला बोलवा, सुटलात. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली.

तिखटमीठ | १५ जून

शहाणे, मामाकडे भाची पाहुणी असते का हो? तुमच्या आडगावात असेल.

शेवंती, सासूबाईंचं मी सांगते. नवऱ्याला बोलायला लावा. तुम्ही बोललात तर "सून गणपती टाकून माहेरच्या माहेरी निघाली" होईल, मुलगा बोलला की "मुलांना आजोळ दाखवायचंय" होतं. वाक्य वेगळं, तिकीट तेच. आणि पूजेला दीर-जाऊ आहेत ना? मग दीड दिवसासाठी देव काही रुसत नाही.

गगनबावडा | १६ जून

भावनिक बाबीत मला गती नाही, व्यवहाराचं लिहितो. ऑफिसच्या कामानं दोनदा गेलोय.

मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांचं. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. भारतीय पासपोर्टला पर्यटनासाठी उतरल्यावर व्हिसा मिळतो, फी नाही, पण परतीचं तिकीट आणि राहायचा पत्ता दाखवावा लागतो. मामाकडे राहणार असाल तर त्यांचं पत्र जवळ ठेवा. निघण्याआधी त्यांचा ऑल-इन-वन नावाचा फॉर्म ऑनलाइन भरा.

बिया, रोपं, ताजी फळं अजिबात नेऊ नका. उसाचं बेट आहे, उसाचं कांडं किंवा माती म्हटलं की त्यांचे कान टवकारतात. आपल्या बाजूनं कापूर आणि सुकं खोबरं विमानात चालत नाही. गणपतीला जाताय म्हणून मुद्दाम सांगतो, कारण पूजेच्या पिशवीत हेच दोन पहिल्यांदा पडतं.

प्लग: एकाच घरात इंग्लिश चौकोनी तीन पिनांचे आणि फ्रेंच दोन गोल पिनांचे, दोन्ही सॉकेट सापडतात. मोबाइलचे चार्जर दोन पिनांत बसतात, बाकीच्यांसाठी अडॅप्टर न्या.

ऑगस्ट म्हणजे तिकडे हिवाळा. वाक्वा पठारावर आहे, किनाऱ्यावर ऊन असताना तिथं भुरभुर पाऊस. मुलांचे स्वेटर विसरू नका. हे लोकांना खरं वाटत नाही आणि मग क्युरपीप गावात भाव न करता स्वेटर घ्यावे लागतात. (अनुभव.)

क्युरपीपची_बाई | १७ जून

नमस्कार. मी मॉरिशस येथे प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. माझे मराठी पुस्तकी आहे, क्षमा असावी. आमच्याकडे मराठी शाळेत शिकतात, घरी क्रेओल बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात आणि परीक्षेची उत्तरे इंग्रजीत लिहितात.

वर एका सदस्याने "मिनी इंडिया" म्हटले आहे. असे म्हणू नये ही विनंती. येथे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज आहेत, चिनी आहेत, फ्रेंच आहेत, तमिळ, तेलुगू, भोजपुरी, मुसलमान आहेत. मराठी लोक त्यात थोडे. आम्ही भारताचा तुकडा नाही. आम्ही मॉरिशियन आहोत आणि आमच्या घरी गणपती येतो.

शेवंतीताई, यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला आहे, परंतु सरकारी सुट्टी २८ ला, विसर्जनाच्या दिवशी. त्या दिवशी सर्व नातेवाईक एकत्र सापडतील. त्याआधी काही दिवस घरात मांस-मासे-मद्य नसते, त्याला आम्ही "कारेम" म्हणतो. आपण किनाऱ्यावर जाऊन मासे खाऊन मामांच्या घरी येऊ नये. कोणी काही बोलणार नाही, परंतु मामींना वाईट वाटेल.

आपल्याला कोणी "कसे आहात" विचारणार नाही. "की मान्येर?" असे विचारतील, त्याला "कोरेक" म्हणावे. "तो फिन मांझे?" म्हणजे जेवलीस का. याचे उत्तर काहीही द्या, ताट येणारच.

शेवंती८७ | १७ जून

बाई, तुमचं मराठी वाचताना आईचा आवाज ऐकू आला. ती अशीच बोलायची, "परंतु", "येथे". आजी (बाबांची आई) हसायची की सून रेडिओवरच्या बातम्यांसारखी बोलते. आता आई अस्सल सदाशिवपेठी बोलते. फक्त पालक, चवळी, शेपू, माठ, सगळ्या पालेभाज्यांना अजून "ब्रेद" म्हणते. आमच्या भाजीवालीलाही तो शब्द पाठ झालाय.

काठमांडूचा_भाचा | १९ जून

माझी आई नेपाळची, बाबा साताऱ्याचे. मामा तिकडे पाटनला. दर तीन-चार वर्षांनी दसैंला (तिकडचा दसरा) जातो.

हॉटेलाचा विचार सोडा. त्यापेक्षा मामाबरोबर बसून घरांची यादी करा: कुणाकडे जायचं, कुठल्या क्रमानं. आमच्याकडे दसैंचा टिळा लावायला वडीलधाऱ्यांकडे जायचं असतं आणि त्याचा क्रम ठरलेला असतो. २०१७ मध्ये आम्ही वाट वाकडी नको म्हणून धाकट्या मामाकडे आधी गेलो. थोरली मामी आजही मला चहा देताना "आधी तिकडचा घेऊन आलास ना" म्हणते. हसत म्हणते, पण म्हणते.

दुसरं, तुम्ही आईशिवाय जाताय, तर प्रत्येक घरात पहिला प्रश्न "ती का नाही आली" हाच असेल. त्याचं एकच उत्तर आधी ठरवून ठेवा आणि सगळीकडे तेच द्या. एका घरी गुडघे दुखतात आणि दुसऱ्या घरी तिकीट मिळालं नाही असं सांगितलंत, तर संध्याकाळपर्यंत दोन्ही घरांचा फोन झालेला असतो.

स्टुटगार्टकर | १९ जून

उलट बाजूनं लिहितो. बायको जर्मन, मुलं इथं वाढली, आम्ही त्यांना सुट्टीत पुण्याला आजीकडे नेतो. पहिल्या वेळी मी मुलांना दारातच ओळीनं अठरा जणांच्या पाया पडायला लावलं. धाकटा बाथरूममध्ये जाऊन बसला तो तासभर बाहेर आला नाही. आता माझ्या आईनं त्यांना एकेक काम दिलंय. मोठीनं सकाळी दूध तापवायचं, धाकट्यानं फुलं आणायची. काम असलं की मूल घरातलं होतं, नसलं की दिवसभर त्याच्या गालाला हात लागत राहतात.

आडगावचा_शहाणा | २० जून

बाई, "मिनी इंडिया" मागे घेतो. पण आई नाही का म्हणते ते धाग्यात आलंच नाही. आजी नाही हे कारण पटत नाही. भाऊ आहे ना.

शेवंती८७ | २१ जून

शहाणे, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत, त्यामुळे काल उत्तर दिलं नाही.

आईनं लग्नानंतर काही वर्षांनी भारतीय नागरिकत्व घेतलं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून मॉरिशसचं सोडावं लागलं. त्या वेळी कुणाला त्याचं काही वाटलं नाही, बाबांची बँकेची नोकरी, बदल्या, कागद सोपे होतील एवढाच विचार. २००६ मध्ये विमानतळावर आमच्या पुढे तिच्या शाळेतली एक मैत्रीण होती. योगायोगानं त्याच विमानात. ती स्थानिकांच्या रांगेतून निघून गेली. आई आमच्याबरोबर परदेशी लोकांच्या रांगेत. काउंटरवरच्या मुलानं इंग्रजीत विचारलं, किती दिवस राहणार, कुठं राहणार, परतीचं तिकीट आहे का. साधे प्रश्न, सगळ्यांना विचारतात तेच. आईनं क्रेओलमध्ये उत्तर दिलं. त्यानं चमकून वर पाहिलं आणि म्हणाला, तुम्ही छान बोलता, कुठं शिकलात?

ती त्यावर हसली. मी एकोणीस वर्षांची होते, मलाही तेव्हा ती गंमतच वाटली. परवा जेवताना म्हणाली, "पुन्हा त्या रांगेत मी उभी राहणार नाही. आई होती तोवर राहिले असते."

गगनबावडा | २१ जून

गंमत म्हणजे उलट बाजूनं दार उघडतंय. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती मुर्मू तिकडे त्यांच्या राष्ट्रीय दिनाला गेल्या होत्या, तेव्हा भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशियन लोकांना ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड द्यायचं जाहीर झालं. म्हणजे तुमच्या मामाच्या नातवंडांना भारताचं कार्ड मिळू शकेल, आणि आई मात्र पर्यटक.

तिखटमीठ | २१ जून

गगनबावडा, हे तुम्ही मदत म्हणून लिहिलंत ना?

जुनीपोथी | २३ जून

मी ७६ वर्षांची आहे, टंकायला वेळ लागतो.

माझे वडील कराचीत वाढले. रणछोड लाइन्स भागात मराठी घरं होती, मराठी शाळा होती. १९४७ ला बोटीनं मुंबईला आले ते पुन्हा गेले नाहीत, जाता आलंच नाही. आम्हाला ते गल्ल्या तोंडपाठ सांगत. उजवीकडे वळलं की दूधवाला, पुढे विहीर. मी ७६ वर्षांत ती विहीर पाहिली नाही, पण दाखवू शकेन.

शेवंती, आईला "चल" म्हणू नकोस. आग्रह केलास की तिला पुन्हा पुन्हा नाही म्हणावं लागेल, आणि जितक्या वेळा माणूस नाही म्हणतो तितकं त्याला ते खरं करावं लागतं. त्यापेक्षा तिला कामाला लाव. मामीला कुठल्या रंगाची साडी चालेल, कुणाला गोड चालत नाही, कुणाचं कुणाशी बोलणं नाही. ते तिच्याशिवाय कोण सांगणार? आणि तिकडून रोज फोन कर, पण तिला माणसं दाखवू नकोस. जागा दाखव.

शेवंती८७ | २४ जून

आजी, (म्हणू ना?) तुमचं काल रात्री तीनदा वाचलं.

शेवंती८७ | १२ ऑगस्ट

तिकिटं झाली. नवऱ्यानं सासूबाईंशी बोलून घेतलं. तिखटमीठ, अक्षरशः तुमचंच वाक्य. सासूबाई म्हणाल्या, "जा, पण मोदक करायचे तर साचा घेऊन जा, तिकडे हातानं कळ्या पाडतात की नाही कोण जाणे."

आई कामाला लागली आहे. पंधरा पानांची वही केली. मामीला फिकट रंग, मावसबहिणीच्या नवऱ्याला तिखट चालत नाही, कास्कावेलच्या मामेआजीकडे सकाळीच जायचं कारण दुपारनंतर ती कुणाला ओळखत नाही. सामानात बाकरवडी, पुढच्या वर्षीची दोन पंचांगं, गणपतीचा शेला, जानवी. कापूर काढून ठेवला, गगनबावडा.

वहीच्या शेवटच्या पानावर फक्त एक ओळ: "लिचीचे झाड आहे का पाहणे."

शेवंती८७ | २९ ऑगस्ट

वाक्व्याहून. घाईत, मोबाइलवरून. काल विसर्जन झालं. स्वेटर उपयोगी पडले. सगळं कोरेक. आल्यावर लिहिते.

शेवंती८७ | ७ सप्टेंबर

आलो परवा. सुटं सुटं लिहिते, जमेल तसं.

विमानतळावर मामा आला होता, अंगात बंडी, हातात मुलांसाठी धोल पुरीची पुडी. मैदानात उभं राहून खाल्ल्या. डाळीचं सारण भरलेल्या पातळ पोळ्या, जोडीनंच मिळतात, आत घेवड्याची रस्साभाजी आणि जाळ चटणी. धाकटीनं पहिल्या घासाला "ही तिखट पुरणपोळी आहे" असं जाहीर केलं. मामाला सगळं समजलं, तो हसून लाल झाला आणि क्रेओलमध्ये काहीतरी बोलला, ते आम्हाला कुणालाच समजलं नाही. दहा दिवस हेच चाललं. आम्ही मराठीत बोलायचं, त्यानं क्रेओलमध्ये उत्तर द्यायचं, अडलं की हिंदी सिनेमातलं हिंदी, तेही अडलं की मामेबहीण.

"ती का नाही आली" हा प्रश्न मोजला. अकरा घरं, अकरा वेळा. काठमांडूच्या भाच्यानं सांगितल्याप्रमाणे एकच उत्तर ठरवलं होतं, तब्येत. बाराव्या वेळी मामीनं विचारलं, तेही चौथ्या दिवशी, भांडी पुसताना. तिला मी रांगेचं खरं सांगितलं. ती बराच वेळ तोच ग्लास पुसत राहिली. मग म्हणाली, आम्हाला इतकी वर्षं वाटत होतं, आईच्या शेवटच्या वेळी फोन नीट धरला नाही म्हणून ती रागावली.

मामानं तो फोन मुद्दाम झाडाकडे वळवला होता. आजीचं तोंड शेवटी सुजलं होतं, बहिणीनं ते पाहू नये म्हणून.

गणपती. मूर्ती छोटी, रंग जरा भडक, मखर मामानं उसाच्या तुऱ्यांचं केलं होतं. आरतीला चाळीस माणसं, सगळ्यांच्या हातात झेरॉक्सची पुस्तिका, मराठी आरत्या रोमन लिपीत, तेही फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगमध्ये. मामा मात्र पुस्तिकेशिवाय, डोळे मिटून, एक अक्षर न चुकता. संपल्यावर मला बाजूला घेऊन आरतीतल्या एका शब्दाचा अर्थ विचारला. सत्तर वर्षं म्हणतोय पण कुणी सांगितला नाही, तू पुण्याची, तुला माहीत असेल. मला माहीत नव्हता. खोलीत जाऊन मोबाइलवर शोधला आणि मग आधीपासून येत असल्यासारखा सांगितला.

नैवेद्याला केळीच्या पानावर सात प्रकारच्या भाज्या, एक फणसाची, एक भोपळ्याची, डाळ, लोणचं (त्याला ते आशार म्हणतात), आणि मोदक. सासूबाईंचा साचा मामीनं कौतुकानं पाहिला आणि बाजूला ठेवून हातानं एकवीस कळ्या पाडल्या. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

विसर्जन फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्यावर. ट्रकात गणपती, मागे आम्ही, ढोलकी, झांजा. तिथं वाळूत पुरुष गोल धरून नाचले, वाकून, पाय आपटत. त्याला ते झाकरी म्हणतात. शेजारी फ्रेंच पर्यटक अंगाला तेल लावून पालथे पडलेले. कुणाला कुणाचं काही नव्हतं.

सहाव्या दिवशी मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गेलो. करारानं आलेल्या मजुरांची नोंदपुस्तकं तिथं जपून ठेवली आहेत. मामानं आधीच जन्मदाखल्यांची साखळी जमवून अर्ज केला होता. मूळपुरुष सापडला: नंबर, नाव, बापाचं नाव, वय २२, उंची, उजव्या गालावर व्रण. त्याचं नुसतं पहिलं नाव पुढे आडनाव होऊन बसलं, आजही मामाच्या पाटीवर तेच आहे. खरं आडनाव कुणीच लिहून घेतलं नाही. जिल्हा रत्नागिरी, जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये. गावाचं नाव कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं, "कोलंब"सारखं काहीतरी.

परतताना पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर थांबलो. १८३४ नंतर जवळजवळ पाच लाख माणसं त्या बेटावर उतरली, त्यातली बहुतेक इथून. सोळा दगडी पायऱ्या. थोरल्यानं मोजल्या, धाकटीनं पुन्हा मोजल्या. मामा वर चढला नाही. खालीच उभा राहून म्हणाला, तुझ्या आईनं कॉलेजला असताना इथं फोटो काढलाय. मग मी आईला फोन लावला आणि जुनीपोथी आजींनी सांगितलं होतं तसं, बोलले काहीच नाही, कॅमेरा पायऱ्यांवर धरला. आई तिकडून म्हणाली, "किती स्वच्छ केल्यात गं."

लिचीचं झाड आहे. घराच्या भिंतीला फांद्या लागायला लागल्यात म्हणून मामा तोडणार होता, आता थांबलाय.

रत्नांग्रीचा_बाल्या | ७ सप्टेंबर

झाकरी न्हवं ताई, जाखडी! आमच्या गावात गणपतीत अजून रात्र-रात्र चालते. बाल्या नाच म्हनतात तीच. गोल धरून, पायात चाळ. माझ्या अंगावर काटा आला वाचून. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी निस्ता एक "ड" हरवला व्हय!

क्युरपीपची_बाई | ८ सप्टेंबर

ताई, मामांचे हे वागणे येथील घरोघरचे आहे. आमच्या मुलांना मी शाळेत आरतीचा अर्थ शिकवते तेव्हा ती आजोबांना जाऊन सांगतात. आजोबा म्हणतात, अर्थ नको, चाल बिघडते.

गगनबावडा | ८ सप्टेंबर

गावाचं बघू. मालवण तालुक्यात कोळंब आहे. संगमेश्वराकडे कोळंबे आहे. त्या काळी मालवण, देवगड, वेंगुर्ला सगळं रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, त्यामुळे नुसतं जिल्ह्यावरून ठरत नाही. नोंदीत तालुक्याचा रकाना असेल तर सांगा. नसेल तर दोन्ही गावं मार्गावर आहेत, एका रविवारी मीच जाऊन येतो. तसंही काम नसतं.

आडगावचा_शहाणा | ८ सप्टेंबर

आरतीतला शब्द कुठला होता?

शेवंती८७ | ८ सप्टेंबर

सांगणार नाही. तुम्हालाही मोबाइल काढावा लागेल.

गगनबावडा, तालुक्याच्या रकान्यात शाईचा डाग आहे. रविवारी निघालात तर कळवा, मीही येते. आईला विचारलं, तिनं "मालवणच असणार" म्हटलं. पुरावा काय, तर तिच्या आजीला माशाच्या कालवणात त्रिफळं लागायची आणि मॉरिशसला मिळत नाहीत म्हणून ती जन्मभर कुरकुरली.

जुनीपोथी | १० सप्टेंबर

फोनचं आणि झाडाचं आईला सांगितलंस का? मामानं का वळवला होता ते.

शेवंती८७ | १२ सप्टेंबर

सांगितलं, आजी. आल्या रात्रीच. काही बोलली नाही. उठून गॅसपाशी गेली, चहा टाकला, आणि साखर दोनदा घातली.

काल संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेत होते तर बाहेरच्या खोलीतून हाक मारून विचारलं, "नोव्हेंबरात लिची पिकतात ना? की डिसेंबरात?" मी म्हटलं मला काय माहीत, तूच तिथली. थोड्या वेळानं पुन्हा, "आणि तिथं प्लग कसले असतात आता? माझं वाफेचं मशीन चालेल?" वीस वर्षं त्या घरात राहिलेली बाई मला प्लग विचारतेय.

गगनबावडा | १२ सप्टेंबर

दोन्ही असतात. वर लिहिलंय. मशीनचा प्लग तीन पिनांचा असेल तर अडॅप्टर लागेल. रांगेत उभं राहावं लागेल तेव्हा गुडघ्यांसाठी व्हीलचेअर आधी मागून घ्या, ती रांग वेगळी असते.

तिखटमीठ | १२ सप्टेंबर

गगनबावडा, २१ जूनचं माफ.